शिक्का, कचेरी आणि रसवांगी

पुण्याच्या एका कचेरीत, बारनिशीच्या टेबलाशी पस्तीस वर्षे बसून आवक-जावक टपालावर रबरी शिक्के उमटविण्यात ज्याच्या आयुष्याचा उत्तम भाग खर्ची पडला, त्या मनुष्याला सेवानिवृत्तीनंतर सातासमुद्रापलीकडे नेऊन जगातील सर्वांत मोठ्या रबरी शिक्क्यापुढे उभे करावे, यात योगायोगापेक्षा नियतीचा खट्याळपणाच अधिक असावा, असे माझे प्रांजळ मत आहे. हा शिक्का अमेरिकेत क्लीव्हलंड या शहरी आहे. इरी सरोवराच्या काठचे हे गाव वस्तीने पावणेचार लाखांच्या आतबाहेरचे. म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांच्या लेखी वाडी, आणि तेथे बारा वर्षे नोकरी करून राहिलेल्या माझ्या भाच्याच्या लेखी ब्रह्मांड.

भाच्याच्या घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच, त्याने माझ्या हाती ‘कला व सांस्कृतिक आकर्षणे’ अशा मथळ्याची एक छापील यादी ठेवली. अनुक्रमांक, स्थळाचे नाव, वेळ, प्रवेशमूल्य आणि विशेष असे तिला पाच रकाने होते. रकाने दिसले की मला माहेरी आल्यासारखे वाटते, त्यामुळे मी ती यादी आदराने वाचली. परंतु यादीतील एकवीस स्थळे आठ दिवसांत पाहून प्रत्येकापुढे खूण करावयाची आहे, हे जेव्हा कळले, तेव्हा हा पाहुणचार नसून तपासणी आहे आणि तपासणी अधिकारी आपणच आहोत, याची मला जाणीव झाली.

मध्यम आकाराच्या अमेरिकन शहराचा एक स्वभाव मला त्या आठ दिवसांत उमगला. थोर शहरांना आपले थोरपण सांगावे लागत नाही आणि खेड्यांना सांगण्याजोगे काही नसते. मधल्यांची मात्र मधल्या मुलासारखी स्थिती असते, आणि म्हणून आपल्यापाशी जे जे आहे ते ते जगात सर्वांत मोठे, सर्वांत पहिले किंवा निदान सर्वांत विचित्र आहे, असे सांगण्याची त्यांना निकड भासते. क्लीव्हलंडच्या नाटकगृहांच्या पेठेत, भर चव्हाट्यावर, उघड्या आकाशाखाली एक झुंबर टांगलेले आहे. वीस फूट उंचीचे हे झुंबर 2014 साली लावले आणि उघड्यावर टांगलेल्या झुंबरांत ते जगात सर्वांत मोठे आहे, असे भाच्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. उघड्यावर झुंबर टांगण्याची स्पर्धा जगात आणखी कोण करते, हा प्रश्न मी गिळला. तेथील कायहोगा नदीला 1969 साली आग लागली होती. पाण्यावरील तेलकट घाणीने पेट घेतला. आमच्याकडे अशी नदी असती तर तिच्यावर चौकशी समिती नेमून अहवाल दप्तरात बांधला असता. त्यांनी त्या जळत्या नदीच्या नावाने बिअर काढली. रॉक संगीताचे एक काचेचे भव्य मंदिर सरोवराच्या काठी आहे, पण त्यातील एकाही गवयाशी माझा परिचय नसल्यामुळे मी तेथे खूण केली आणि बाकावर बसून राहिलो.

कलासंग्रहालयाची गोष्ट निराळी. 1916 साली उघडलेल्या या संग्रहालयात प्रवेशाला दमडी पडत नाही, आणि दारातच रोदँचा ‘विचारवंत’ बसलेला आहे, पण त्याला पाय नाहीत. 1970च्या मार्चमध्ये कोणी रात्री सुरुंग लावून ते उडवले, आणि चालकांनी ते पुन्हा जोडून न घेता मूर्ती आहे तशीच ठेवली. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, ती नदीत सोडावी, असे आमचे शास्त्र. त्यांचे शास्त्र असे की मूर्तीला जे झाले तेही मूर्तीचेच अंग. फाटका, पिळवटलेला धातू पाहून मला प्रथम दया आली आणि नंतर, कोणास ठाऊक का, त्या माणसाचा विचार अधिकच गंभीर वाटू लागला. आत गेल्यावर एका शांत दालनात अकराव्या शतकातील चोळांचा ब्राँझचा नटराज उभा होता. बाहेर हिमवर्षाव चालू, मी दोन स्वेटर आणि कानटोपी यांच्या आत, आणि हा तमिळ देव एक पाय उचलून उघड्या अंगाने नाचतो आहे, हे दृश्य पाहून मला अशी काही आपुलकी दाटून आली की मी भाच्याला म्हणालो, ‘‘अरे, याचे गाव पाहिले पाहिजे.’’ पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्याने झाला.

पण शिक्का राहिलाच. क्लीव्हलंडच्या नगरभवनाशेजारी, विलर्ड उद्यानात, तो आडवा पडलेला आहे: सुमारे पन्नास फूट लांबीचा, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचा, मुठीसकट. क्लेस ओल्डनबर्ग आणि कूस्या व्हान ब्रुगेन या दांपत्याने तो एका तेलकंपनीच्या नव्या इमारतीपुढे उभा करण्यासाठी योजला होता. उभा, म्हणजे शिक्का मारण्याच्या पवित्र्यात, अक्षरे जमिनीकडे तोंड करून, कोणालाही न दिसणारी. पण मध्यंतरी ती कंपनी इंग्रज मालकांच्या ताब्यात गेली, नव्या धन्यांना ही थट्टा मानवली नाही, आणि शिक्का कित्येक वर्षे परप्रांतातील एका वखारीत पडून राहिला. अखेरीस 1991 साली तो शहराला मिळाला आणि उद्यानात आडवा टाकण्यात आला; त्यामुळे खालची गुलाबी अक्षरे जगाला दिसू लागली, अर्थात उलटी. भाचा आणि भाचेसून मान वाकडी करून ती लावीत असता मी एका दृष्टिक्षेपात वाचून दाखविली. उलटी अक्षरे वाचणे ही माझी आयुष्यातील एकमेव विद्या आहे, आणि तिचे चीज व्हायला क्लीव्हलंड गाठावे लागले. त्यावर लिहिले होते: ‘फ्री’.

‘‘फुकट कशाला?’’ मी विचारले. भाचा कासावीस झाला. हे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, मूळ जागेसमोर गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धातील सैनिकांचे स्मारक आहे, त्याच्याशी याचा धागा जुळतो, हे ‘मुक्त’ या अर्थी आहे, असे त्याने मला समजाविले. मी मान डोलावली. परंतु पस्तीस वर्षांत ‘मंजूर’, ‘नामंजूर’, ‘प्रलंबित’, ‘दप्तरी दाखल’ असे नाना शिक्के हाताखालून गेले असता, ‘मुक्त’ असा शिक्का कोणत्याही खात्याने कधी मागविल्याचे मला स्मरत नव्हते.

नटराजापुढे उच्चारलेल्या त्या वाक्याच्या परिणामी पुढच्या मार्गशीर्षात भाचा सपत्नीक रजा काढून आला आणि आम्ही तिघे चोळांच्या तंजावरास दाखल झालो. क्लीव्हलंडच्या धर्तीवर पाच रकान्यांची कोरी यादी त्याने सोबत आणली होती. ती आपण भरावयाची आणि जगाच्या उपयोगी पडावयाची, असा त्याचा संकल्प होता. मराठी माणसाला तंजावर हे पाठ्यपुस्तकातील अर्ध्या ओळीपुरते ठाऊक असते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिकडे गेले, येथवर आपले ज्ञान, आणि पुढे काय झाले याची आपण पावणेदोनशे वर्षांत चौकशी केलेली नाही. वस्तुतः तेथे 1855पर्यंत भोसल्यांची गादी होती, तेथील शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली, आणि आम्ही इकडे 1843 साली सांगलीस मराठी नाटक जन्मले म्हणून दरवर्षी नारळ फोडतो. थोरल्या भावाचा जन्मदाखला दुसऱ्या गावच्या दप्तरात निघावा, तसाच हा प्रकार.

तंजावरात यादीचे पहिल्याच दिवशी पानिपत झाले. बृहदीश्वराच्या देवळात प्राकाराच्या भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसलेकुळाचा समग्र इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. भाच्याने तो एका छायाचित्रात मावेना म्हणून मागे सरत सरत एका यात्रेकरूच्या पायावर पाय दिला, आणि मी मात्र तो मजकूर लिहिणाऱ्या बाबूराय चिटणिसांच्या त्या कामापुढे हात जोडून उभा राहिलो. एवढा लांबलचक जावक कागद, तोही दगडावर. खाडाखोडीला वाव नाही, नक्कल ठेवण्याची गरज नाही, आणि दोन शतके उलटली तरी बारनिशीतून गहाळ झालेला नाही. राजवाड्यात तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा सांगाडा चोळांच्या ब्राँझमूर्तींच्या शेजारधर्माने राहतो. सरस्वती महालात पोथ्यांबरोबर सरफोजीराजांच्या वेळची नेत्ररोग्यांची टिपणे आहेत. कोणाचा डोळा आधी कसा होता, उपचारानंतर कसा झाला, याची रंगीत चित्रे काढलेली. ‘‘हे कलेत धरायचे की वैद्यकात?’’ भाच्याने विचारले. रकान्यांचा हा जन्मजात दोष आहे. ज्या राजाने छापखाना, दवाखाना, नाटकशाळा आणि ग्रंथालय एकाच भांडवलावर चालविले, त्याला खाती वाटून देता येत नाहीत.

त्यात संध्याकाळची फजिती. आमचे यजमान तंजावरी मराठी, ज्यांना तेथील लोक ‘रायर’ म्हणतात. सात-आठ पिढ्या कावेरीचे पाणी पिऊन त्यांच्या मराठीला तमिळ हेल आलेला, पण अदब अजून दरबारी. ते मला म्हणाले, ‘‘आज सायंकाळी सहाला कचेरी आहे, आपण अवश्य यावे.’’ मी सर्द झालो. निवृत्त झालो तो कचेरी सुटावी म्हणून, आणि हे गृहस्थ सायंकाळी सहाला, तेही रविवारी, तिच्यात बोलावतात! काही दाखला हवा असेल, परदेशस्थ भाच्याच्या मुक्कामाची नोंद करावयाची असेल, अशा समजुतीने मी सर्वांचे ओळखपत्र, त्याच्या दोन प्रती आणि एक पेन घेऊन गेलो. तेथे सभामंडपात एक बाई वीणा जुळवीत होत्या, मृदंगावर पीठ थापले जात होते, आणि प्रेक्षकांत कोणाच्याही हाती अर्ज नव्हता. तमिळ मुलखात ‘कचेरी’ म्हणजे गाण्याची मैफल. आपल्या कारभारी शब्दाचा असा भाग्योदय त्या प्रांतात झाला. जेथे एके काळी दरबार भरे आणि दरबारात गाणे होई, तेथून दरबार उठून गेला आणि गाणे तेवढे नावासकट राहिले. आमच्याकडे नेमके उलट घडले. मी ती ओळखपत्रे मांडीखाली घालून तीन तास बसलो. आणि तीन तास कचेरीत बसून एकदाही घड्याळाकडे न पाहण्याचा तो माझ्या हयातीतील पहिलाच प्रसंग.

परतताना यजमानांनी भाच्याच्या हातातला कागद पाहून विचारले, ‘‘ही काय, अट्टवणै?’’ तमिळमध्ये यादीला ‘अट्टवणै’ म्हणतात, आणि कोशकार त्या शब्दाचे नाते आपल्या ‘आठवण’ या शब्दाशी जोडतात. ‘यादी’ तरी काय, फारसीतील ‘याद’. म्हणजे दोन्हीकडून आलो तरी मूळ एकच, आणि भाचा मात्र यादी करीत होता ती विसरू नये म्हणून नव्हे, तर खूण करून विसरता यावे म्हणून. हे मी त्याला बोलून दाखविले नाही. भाचा झाला तरी आमचा खर्च त्याच्याकडे होता.

‘‘ओरत्तनाडु पाहिलेत का?’’ यजमान म्हणाले. आम्ही त्याचे नावही ऐकले नव्हते. भाच्याने खिशातील यंत्रावर शोध घेतला, आणि पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर, तंजावरापासून पंचवीसेक किलोमीटरांवर एक लहानसे गाव, तेथे पशुवैद्यक महाविद्यालय, एवढे निष्पन्न झाले. ‘‘गाईगुरांचे वैद्यक आकर्षणात येते का?’’ या त्याच्या प्रश्नाला यजमानांनी ‘‘तेथे मुक्तांबाळ छत्र आहे’’ इतकेच उत्तर दिले.

आपल्याकडे ‘अन्नछत्र’ म्हणतात ते हेच छत्र. रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी ठिकठिकाणी अशी छत्रे बांधली, आणि बहुतेकांना घरातील स्त्रियांची नावे दिली. ओरत्तनाडूचे छत्र सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उभारले ते मुक्तांबाळेच्या नावे. ही राणी नव्हे; राजाची प्रिया. लग्नाच्या वहीत जिचे नाव नाही, तिने मरणकाळी आपल्या नावे एक छत्र असावे एवढेच मागितले, असे सांगतात. हे ऐकताच भाचेसुनेने ‘‘अगदी ताजमहाल!’’ असा उद्गार काढला. मी म्हणालो, ‘‘सूनबाई, ताजमहाल पाहून भूक लागते, येथे ती भागत असे.’’

आणि कशी भागत असे, याचा कागद उपलब्ध आहे, म्हणून मी त्यावर बोलण्यास अधिकारी आहे. 1799च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाकडे किल्ला, राजवाडा आणि वसुलाचा एक हिस्सा उरला. राज्य गेलेल्या मनुष्याने 1801 साली कंपनीच्या रेसिडेंटाला जे पत्र लिहिले त्यात तोफा मागितल्या नाहीत, सलामी मागितली नाही. छत्रांना हात लावू नये, एवढे मागितले, आणि तेथे काय काय चालते याचा तपशील दिला. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला अन्न. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा. पुढे चालवत नाही अशा आजाऱ्याला तेथेच औषधपाणी. वैद्य आणि विषावर उतारा जाणणारा जाणकार पदरी ठेवलेले. गरोदर बाईची सोय, तान्ह्या मुलाला दूध, पोरक्या पोराला शिक्षक, आणि वाटेतच कोणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यसंस्कार. पस्तीस वर्षांत मी पुष्कळ सरकारी अर्ज वाचले. पण जाते आहे ते राज्य सोडून स्वयंपाकघराची हमी मागणारा अर्ज हाच एक.

अशा स्थळाला किमान एक फलक, एक तिकीटखिडकी आणि जगातील सर्वांत मोठे काहीतरी असावे, या अपेक्षेने भाचा मोटारीतून उतरला. समोर एक प्रशस्त, जीर्ण, उन्हाने करडी झालेली वास्तू होती. मंडपाच्या पायाशी दगडात कोरलेले हत्ती आणि घोडे इमारत ओढून नेत असल्यासारखे पुढे झेपावलेले. त्यांपैकी एका घोड्याच्या मानेवर कोणी धुतलेला पंचा वाळत घातला होता. त्यांच्यामागे काळवंडलेले लाकडी खांब, त्यांच्या डोक्यावर बारीक कोरीवकाम, आणि सोप्याच्या सावलीत एक म्हातारा रखवालदार खाकी अर्धी विजार व बंडी या वेषात भिंतीला टेकून बसलेला. शाळकरी मुलांची वस्ती या वास्तूने पुढेही बराच काळ पाहिली आहे. दारावर खडूने काढलेले एक गणित अजून शिल्लक होते, आणि ते चुकले होते.

भाच्याने वास्तूभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. वेळेचा फलक नाही, प्रवेशमूल्य नाही, माहितीपत्रक नाही. त्याच्या पाच रकान्यांपैकी चार कोरे राहिले, आणि त्याच्या मुद्रेवर मी क्लीव्हलंडच्या त्या पाय नसलेल्या विचारवंताची छटा पाहिली. अकस्मात तो म्हणाला, ‘‘मामा, मुक्तांबाळ. मुक्त. म्हणजे फ्रीच की!’’

‘‘कोणत्या अर्थी?’’ मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. इतक्यात रखवालदार उठून आमच्याजवळ आला, आम्हां तिघांकडे नीट पाहिले, आणि म्हणाला, ‘‘साप्पिट्टींगळा?’’

भाच्याने घाईने खिशातून पाकीट काढले. त्याची समजूत अशी की अखेर तिकिटाचा विषय निघाला. मोटारचालकाला मोडके हिंदी येत होते. तो हसून म्हणाला, ‘‘पैसा नहीं साब. खाना खाया क्या, पूछता.’’ दुपारचा दीड वाजला होता. आम्ही जेवलो नव्हतो. छत्रातील चूल केव्हाच थंडावली आहे, पण म्हाताऱ्याने हात लांब करून रस्त्यापलीकडच्या खाणावळीकडे बोट दाखविले, आणि आम्ही आत शिरेपर्यंत तो उन्हात उभा राहिला.

केळीच्या पानावर पाणी शिंपडून पुसले, तोच वाढप्याने कोपऱ्यात कोसुमल्ली वाढली. मुगाची भिजवलेली डाळ, काकडी, खोबरे, वर मोहरीची फोडणी: आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीण. मग पिट्लै, जिच्यात पीठ औषधालाही नव्हते, तरी लोक तिचा संबंध पिठल्याशी लावतात. शेकडो कोसांवर आलेल्या सासुरवाशिणीने माहेरचे नाव तेवढे ठेवून बाकी सारे बदलावे, तशी. सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून आले अशीही एक दंतकथा तिकडे प्रचलित आहे. कागद सापडेपर्यंत त्या प्रकरणावर मी ‘प्रलंबित’ असा शेरा ठेवला आहे. त्यानंतर वाढप्याने बादलीतून पळीभर काही तरी काढले आणि ‘‘रसवांगी’’ असे म्हणाला. तेवढे एकच वाक्य मला त्या गावात दुभाष्याशिवाय कळले. चिंचेच्या आणि तुरीच्या डाळीच्या दाट रसात कोवळ्या वांग्याच्या फोडी, भाजून वाटलेले धने, हरभऱ्याची डाळ आणि खोबरे. आमच्या आजीच्या हाताला जी चव होती तिच्यात थोडी चिंच अधिक, थोडा गूळ उणा.

शेजारी भाचा डाव्या हाताने यादी सावरीत होता. अनुक्रमांक लिहिला, नाव लिहिले, वेळेपुढे रेघ मारली. प्रवेशमूल्याच्या रकान्यात त्याने प्रथम ‘फ्री’ लिहिले, मग खाणावळीचे बिल आठवून ते खोडले, मग पुन्हा लिहिले.

‘‘आणि ‘विशेष’मध्ये काय घालू, मामा?’’

वाढपी तिसऱ्यांदा बादली घेऊन माझ्या पानापाशी थांबला होता. मी हाताने त्याला ‘होऊ द्या’ अशी खूण केली.

‘‘वांगे लिही,’’ मी म्हणालो.